लेपाच्या भरवशावर

३ मार्च, सोमवार

वीस वर्षं मी कंपनीच्या वतीने पत्रं लिहितो आहे. ‘आपले पत्र मिळाले, आनंद झाला’ असं तिळमात्र आनंद न होता किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. आजपासून स्वतःच्या वतीने थोडं लिहावं म्हणतो. निमित्त असं की आज भाऊजी इस्पितळातून घरी आले, आणि त्यांच्या छातीत आमच्याच कंपनीचा पंप आहे.

संस्कृत शिकलेल्या माणसाचं रक्ताचे पंप करणाऱ्या कारखान्यात काय काम, असं लोक विचारतात. इंजिनियर मंडळींना सुरू केलेलं वाक्य संपवता येत नाही, म्हणून मला ठेवलं आहे. कानावर पडून पडून मला जे कळलं ते इतकंच: थकलेल्या हृदयाच्या टोकाला एक धातूची डबी बसवतात. आत एक चकती अखंड फिरते आणि रक्त पुढे ढकलते. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या पेटीला जोडलेली. चकती फिरवायला किती जोर लागतो आहे, त्याचा आकडा पेटीवर दिसतो. भाऊजींचा आकडा चार. चार म्हणजे उत्तम, असं पंपाच्या डॉक्टरांचं मत.

या पंपाने रक्त ठोके देत नाही, नुसतं वाहत राहतं. त्यामुळे नाडी लागत नाही. मी भाऊजींचं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि चेहरा जमेल तितका गंभीर करून ताईला सांगितलं की शास्त्राप्रमाणे हे गृहस्थ गेलेले आहेत. भाऊजींनी विचारलं, गेलेल्या माणसाला चहा मिळतो का. ताई हसली नाही. चहा मात्र केला.

९ मार्च, रविवार

भाऊजींचं दुकान घराच्या खालीच आहे. चित्रांना नि फोटोंना चौकटी करून द्यायच्या; सगळा व्यवहार लाकूड आणि काच यांचा. आज त्यांना राहवलं नाही, एक काच कापायला घेतली आणि तिची किनार अंगठ्याला निसटती लागली. एरवी तोंडात अंगठा घालून मिटवायची गोष्ट. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना. थांबेचना. कुणाच्यातरी लग्नाच्या फोटोवर, नेमका नवरीच्या चेहऱ्यावर, थेंब पडला. शिवाय नाकातून येतं ते वेगळंच. ताई रोज उशीचे अभ्रे धुते.

भाऊजी मला पहिल्यापासून पंडित म्हणतात. म्हणाले, “पंडित, तुमच्या कंपनीने डबीला आतून कसलासा लेप दिलाय म्हणे. त्यात काही दम आहे की नुसतीच तुझी पत्रं?”

आता लेप हा माझा आवडीचा विषय. रक्ताला धातू दिसला की ते गोठू पाहतं; तसं होऊ नये म्हणून डबीला आतून न गोठवणाऱ्या औषधाचा लेप देतात. मी म्हटलं, “भाऊजी, लेप असा आहे की पंप परका आहे हे रक्ताला कळतच नाही.”

“मग गोळी कशाला?”

“डॉक्टरांच्या मनःशांतीसाठी.”

भाऊजी पोट धरून हसले. वायर सांभाळत, पण हसले. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. दारात उभी असलेली ताईसुद्धा हसली. वाक्य चांगलं जमलं होतं, हे इथे नोंदवायला हरकत नसावी.

२१ मार्च, शुक्रवार

आज लेपाच्या बाईंच्या खोलीत जावं लागलं. या बाई म्हणजे आमच्या लेप विभागाच्या प्रमुख. बोलणं मोजकं, आणि माझी विशेषणं खोडण्याची दांडगी हौस. एका इस्पितळाला उत्तर लिहायचं होतं. तेवढ्यासाठी त्यांचा प्रयोग बघायला मिळाला.

नळ्यांचं एक कडं, त्यात पंप, आणि त्यातून खाटकाकडून आणलेलं जनावराचं रक्त फिरत होतं. मग पंप थांबवून त्यांनी डबी उघडली, धुतली, आत निळा रंग सोडला. जिथे लेप बसला असेल तिथे निळ्याचा जांभळा होतो. सगळी डबी जांभळी; ठिपकाभर जागा सुटली नव्हती. मी कौतुक करणार तोच बाईंनी दिवा आत नेला. चकतीच्या मुळाशी तांदळाच्या कणीएवढं काहीतरी काळसर चिकटलं होतं.

मी विचारलं, लेप असूनसुद्धा? बाई म्हणाल्या, “या रक्तात औषध घातलं नव्हतं. मुद्दाम. लेप म्हणजे दारावरचा पहारेकरी. सुरुवातीला अडवतो. मग गर्दी वाढली की लोक त्याच्याच अंगावरून आत जातात.” त्या कणीचं पुढे काय होतं असं विचारलं, तर म्हणाल्या की तिथेच वाढते आणि चकती अडवते. नाहीतर सुटते आणि मेंदूकडे जाते.

उपमा बरी होती. पुढच्या पत्रात वापरीन. बाई पाठवलेली पत्रं पुन्हा वाचत नाहीत.

६ एप्रिल, रविवार

दुकान उघडलं. भाऊजी कोटाखाली पेटी लपवून गल्ल्यावर बसले आहेत, जसं काही झालंच नाही. पुढच्या चौकटींची मागणी इतकी साठली आहे की बोलायची सोय नाही. मी गेलो तेव्हा एका आरशाची किनार घासत होते. बोलता बोलता हाताला लागलंच. मी फडकं शोधू लागलो, तोवर त्यांनी बोट चिमटीत धरलं, सोडलं, आणि काम पुढे सुरू. रक्त थांबलेलं. मी बोट हातात घेऊन नीट पाहिलं. लहान मुलाचं खरचटावं तसं, बारीक लाल रेघ आणि वर खपली धरायला लागलेली.

ताई जिन्यात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, “उत्तम.” ती वर गेली, आणि वरूनच जेवायला थांबच म्हणाली.

न्यायशास्त्राच्या रीतीने मांडायचं तर: भाऊजींची प्रकृती सुधारली आहे, कारण त्यांचं रक्त चटकन थांबतं, ज्याचं रक्त चटकन थांबतं तो निरोगी, जसा मी. अनुमान निर्दोष आहे. नाकातूनही रक्त येत नाही. अभ्रे पांढरे आहेत. ताई अनेक महिन्यांनी निवांत जेवली.

१७ एप्रिल, गुरुवार

उद्या भाऊजींची इस्पितळातली तपासणी. गंमत अशी की तपासणी जवळ आली की त्यांच्या नाकातून पुन्हा रक्त येऊ लागतं. मागच्या वेळीही असंच झालं होतं. सोमवारपासून चाललं आहे. इस्पितळाच्या नुसत्या आठवणीने रक्त उसळणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतो आहे. तसं म्हटलं तर भाऊजी हसले, आणि ताईला म्हणाले, “बघ, पंडिताच्या सगळं लक्षात येतं.” ताई पालेभाजी निवडत होती, तिने वर पाहिलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

तपासणी उत्तम. रक्त हवं तितकं पातळ. आकडा चारच्या किंचित वर. डॉक्टरांनी भाऊजींची पाठ थोपटली, म्हणे सगळे रोगी असे असते तर. मी कंपनीत सगळ्यांना सांगितलं. बाई नुसत्या “बरं” म्हणाल्या. या बाईंना आनंद झालेला मी कधी पाहिला नाही; आनंद त्यांच्याही पत्रांपुरताच असावा.

२ मे, शुक्रवार

भाऊजी जिन्यात मध्येच थांबले. चौकटींचं काम फार झालं असणार. मी त्यांना कामसूपणावरून बोललो.

११ मे, रविवार

आजचा दिवस विचित्र गेला. सगळं नीट लिहून ठेवतो, मग त्यात विशेष काही नव्हतं असं दिसेल.

गेल्यावर पहिलं दिसलं ते असं की भाऊजींनी पेटीवरच्या आकड्यावर चौकटीला लावायची तपकिरी कागदी पट्टी चिकटवली आहे. मी विचारलं, हे काय सोवळं? ताई म्हणाली, सारखं आकड्याकडे लक्ष जातं, जीव घाबरा होतो, म्हणून. मी थट्टेत पट्टीचं टोक उचललं. सहा. आणि बघता बघता सहाच्या पुढे.

मी म्हटलं, चार असायचा ना. भाऊजी म्हणाले, “उकाडा आहे. यंत्र आहे, तापायचंच. तुझं डोकं तापत नाही का?” आणि पट्टी पुन्हा बोटाने दाबून बसवली.

पंपाची घरघर आधी नुसती कान लावला तर ऐकू यायची, पंख्यासारखी सरळ. आज शेजारी बसून ऐकू आली, आणि मध्येच चाकाला काहीतरी घासल्यासारखी. चहाच्या वेळी भाऊजींनी स्वतःच विनोद केला, की चहा पितो तसाच बाहेर पडतो, रंगसुद्धा बदलत नाही. ताई म्हणाली, पाणी कमी पितात. त्यांचे डोळे थोडे पिवळट वाटले. दुकानातल्या दिव्याचा उजेडही पिवळाच आहे.

निघताना ताई फाटकापर्यंत आली. म्हणाली, “तुला काय वाटतं?” मी म्हटलं, “मी पत्रं लिहितो, ताई. डॉक्टरांना विचार.” ती म्हणाली, “नाही, तुला म्हणून विचारते.” मी म्हटलं, ठीक होईल. तिने मान हलवली. हे मी तिच्या समाधानासाठी म्हटलं की माझ्या, ते सांगता येत नाही.

१२ मे, सोमवार

न राहवून बाईंना विचारलं. कोणाचं ते सांगितलं नाही. एका इस्पितळाची चौकशी आहे असं म्हटलं. आकडा चढलेला, आवाज घासल्यासारखा, लघवी चहाच्या रंगाची. बाईंच्या हातातली नळी तशीच राहिली. “गोळ्या नियमित आहेत?”

“अर्थातच,” मी म्हटलं. ताई असल्यावर प्रश्नच नाही.

“मग आजच दाखल करायला सांगा. पंपात गुठळी धरली आहे आणि चकती रक्त भरडते आहे. तो रंग त्याचा आहे.” मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमचे भाऊजी ना?”

दुपारी ताईला फोन केला. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात तपासणी आहेच, तेव्हा नेतेच आहे; हे आता ऐकणार नाहीत, मोठं काम अंगावर घेतलंय. मी म्हटलं, बाई आजच म्हणतात. तिने दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “पाच-सहा दिवस दे. तेवढे लागतील.” कशाला लागतील ते मी विचारलं नाही. कामाला, असं धरून चाललो.

१८ मे, रविवार

नाकातून पुन्हा रक्त येतं आहे. तपासणी परवा. मला, का कोण जाणे, बरंच वाटलं. भाऊजी दिवसभर पडून होते. माझ्या तीन विनोदांपैकी एकाला हसले.

२० मे, मंगळवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितो आहे. काहीतरी करायला हवं म्हणून.

सकाळी तपासणीला निघण्याआधीच पेटी ओरडू लागली. ताईने पट्टी ओरबाडून काढली तेव्हा आकडा नऊ होता. भाऊजी शुद्धीवर होते, पण बुटाचे बंद बांधता बांधता थांबले आणि बुटाकडे बघत राहिले. मी पोचलो तोवर त्यांना आत नेलं होतं.

पंपाचे डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, पंपात गुठळी आहे, मोठी. मात्र रक्त हवं तितकं पातळ आहे, म्हणजे गोळ्या लागू पडत असताना गुठळी धरली. अशा गुठळीला आणखी औषध देऊन उपयोग नाही. दिलं तर भलतीकडेच रक्तस्राव व्हायचा. छाती पुन्हा उघडून पंप बदलायचा. भाऊजींचं हृदय ते किती सोसेल याचा डॉक्टरांना भरवसा दिसला नाही. जाता जाता मला म्हणाले, “तुमच्या लेपाने दगा दिलेला दिसतोय.” मला कंपनीचा माणूस म्हणून लाज वाटली. लाज वाटायची ती चुकीच्या कारणासाठी वाटत होती, हे कळायला अजून थोडा वेळ होता.

ताई माझ्या शेजारी बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. मी म्हटलं, कसं झालं असेल, गोळ्या तर... आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझं वाक्य तिथेच राहिलं.

“अरे, गोळ्या त्यांनी कधीच सोडल्या. तपासणीच्या आधी पाच-सहा दिवस तेवढ्या घ्यायच्या, रक्तात दिसायला. तुला माहीत आहे ना.”

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणालो. आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला.

“तूच म्हणालास, गोळी डॉक्टरांच्या समाधानासाठी. हे म्हणाले, पंडित त्या कंपनीत आहे, त्याला उघड बोलता येत नाही, म्हणून हसत सांगतो. आणि दर रविवारी येऊन तू त्यांचे हात तपासायचास. खूश व्हायचास. उत्तम म्हणायचास. मी दर वेळी तुझ्या तोंडाकडे बघायचे, तू काही म्हणशील म्हणून.”

आरशाच्या काचेची ती बारीक रेघ मला आठवली. मी निरोगीपणाचं लक्षण म्हणून लिहून ठेवली होती. बाईंनी दिव्याखाली दाखवलेली कणीही आठवली. तिथे मी उपमा टिपून घेतली.

तेवढ्यात डॉक्टर सही घ्यायला आले. विचारलं, मधल्या काळात एखादा दिवससुद्धा गोळी चुकली नव्हती ना, एवढं नक्की सांगा. ताई लगेच म्हणाली, “एकही नाही.” आणि माझा हात धरला. इतका घट्ट की तिच्या बांगडीची कड मनगटात रुतली. डॉक्टर कागद उलटत होते. ती माझ्या कानाशी पुटपुटली, “बोलू नकोस. गोळी न घेणाऱ्याला दुसरा पंप देत नाहीत. मघाशी त्या पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी सांगितलं. त्यांच्या मुलाला नाही दिला.”

आयुष्यभर शब्द वापरले, पण एका वाक्याचं वजन असं कधी हाताला लागलं नव्हतं. बोलावं तर पंप गेला. न बोलावं तर छाती उघडणार, तीही नको असताना. औषध चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते ते गोळ्या चालू होत्या म्हणून. त्या चालूच नव्हत्या.

मी डॉक्टरांना म्हटलं, “गोळ्या बंद होत्या. दोन महिने. तपासणीपुरत्या घेत होते. आताही पाच-सहा दिवसांच्याच आहेत. आणि बंद केल्या त्या माझ्या बोलण्यावरून. थट्टेतलं बोलणं होतं.”

डॉक्टरांनी हातातले कागद मिटले. रागावले नाहीत, रागवायला वेळ नव्हता. म्हणाले, मग गुठळी औषधाविना वाढलेली आहे, विरघळायची आशा आहे. ऑपरेशन थांबवतो, शिरेतून औषध सुरू करतो. ताईने विचारलं, आणि दुसरा पंप? डॉक्टर म्हणाले, ते इस्पितळाचं मंडळ ठरवतं, मी एकटा नाही. ते आत गेले.

ताईने माझा हात सोडला. आपली पिशवी उचलून माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली, आणि स्वतः समोरच्या भिंतीशी जाऊन बसली.

२१ मे, बुधवार

औषध कालपासून चालू आहे. सकाळी आकडा आठ होता, मग सात. दुपारी एकदम साडेचारवर आला. मी नर्सला जवळजवळ हसत सांगायला गेलो. तिने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला, भाऊजींच्या डोळ्यांत दिवा धरला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की आकडा खाली येण्याची दोन कारणं असू शकतात. गुठळी विरघळली तरी येतो. सुटून पुढे गेली तरी येतो. आता ते जागे झाले की त्यांच्याशी बोला, बोलतात कसे ते बघा, मी शेजारच्या खोलीत आहे.

ताईला हे सांगितलं नाही. ती माझ्याशी बोलत नव्हतीच.

चारच्या सुमारास भाऊजींनी डोळे उघडले. खोलीत ऊन आलं होतं. पंपाची घरघर पुन्हा सरळ झाली होती, पहिल्या आठवड्यात होती तशी. ताई पलंगाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मी वाकून विचारलं, “भाऊजी, ओळखलंत का? मी कोण?”

ते माझ्याकडे बघत राहिले. ओळखलं होतं, ते दिसत होतं. ओठ हलले. शब्द आला नाही. पुन्हा हलले. मग त्यांनी प्रयत्न सोडला आणि, मला वाटतं माझी समजूत घालायला, हसले. तोंडाच्या एकाच बाजूने.

“बघ,” ताई म्हणाली, “हसले की.” कालपासून ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. तिचे डोळे भरून आले होते.

मी हो म्हटलं, आणि डॉक्टरांना बोलवायला उठलो.